आयेल्ट्सच्या निबंधाची शिकवणी: लाल पेन सर्वात शेवटी

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी आयेल्ट्सची, म्हणजे बाहेरदेशी शिकायला किंवा नोकरीला जाण्यासाठी द्यायच्या इंग्रजीच्या परीक्षेची, वही घेऊन माझ्याकडे येते. नर्सिंग झालेली एखादी मुलगी असते, फार्मसीचा मुलगा असतो, कधी बाहेर शिकायला निघालेला इंजिनिअर. वहीत तीस-चाळीस इंग्रजी निबंध असतात. प्रत्येक पान लाल शाईने भरलेले, तळाशी 'इम्प्रूव्ह ग्रामर' असा शेरा. पहिल्या परीक्षेत रायटिंगचा बँड, म्हणजे गुणांची पातळी, सहा, दुसऱ्या परीक्षेतही सहा. मुलाने मेहनत केलेली असते, शिकवणाऱ्यानेही रात्री जागून वह्या तपासलेल्या असतात. चुकलेला असतो तो शिकवण्याचा क्रम.

चिपळूणला बसून ही शिकवणी घेताना मीही पहिली काही वर्षे असाच शिकवत होतो. निबंध लिहून घ्यायचा, तपासायचा, परत द्यायचा, पुढचा विषय द्यायचा. वाक्ये सुधारायची, पण निबंध तिथेच राहायचा. कारण बिघाड वाक्याच्या बराच आधी झालेला असतो. प्रश्न नीट वाचलेला नसतो, मत ठरलेले नसते, सांगायला उदाहरण नसते. अशा निबंधाचे व्याकरण सुधारणे म्हणजे पाया खचलेल्या घराला रंग काढणे.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडात घरगुती शिकवणी घेणाऱ्यांसाठी हा क्रम लिहितो आहे. विद्यार्थ्याला साधी इंग्रजी वाक्ये बरोबर लिहिता येतात, असे गृहीत धरले आहे. ती येत नसतील तर आधी तीन महिने तेवढेच करा, निबंधाला हात लावू नका.

सुरुवातीआधी: परीक्षा काय मागते

रायटिंगचा पेपर ६० मिनिटांचा. त्यात दोन कामे. पहिल्याला किमान १५० शब्द, दुसऱ्याला, म्हणजे निबंधाला, किमान २५०. निबंधाचे वजन पहिल्या कामाच्या दुप्पट, म्हणून वेळेची शिफारसही २० आणि ४० मिनिटे अशी आहे.

निबंध चार कसोट्यांवर तपासला जातो आणि चारही कसोट्यांना सारखे वजन असते. प्रश्नाला दिलेले उत्तर, मांडणी आणि सलगता, शब्दसंपत्ती, व्याकरण. म्हणजे व्याकरण हा चारातला एक वाटा. आपण मात्र तपासताना जवळजवळ सगळी शाई त्या एका वाट्यावर खर्च करतो. चारही कसोट्यांची बँडनिहाय वर्णने परीक्षा घेणाऱ्यांनी सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. पाच, सहा आणि सात या तीन बँडची वर्णने छापून घ्या आणि स्वतः दोनदा वाचा. विद्यार्थ्याला ती इतक्यात देऊ नका, तो घाबरतो.

वेळापत्रकाचेही आत्ताच बघा. आठ आठवडे लागतात आणि ते सलग मिळायला हवेत. आपल्याकडे गणपतीत आठ-दहा दिवस कुणी वही उघडत नाही, बागायतदाराच्या घरातले मूल एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्यांत अडकलेले असते, शिमग्यात पालखी दारात आली की अभ्यास संपला. यात गैर काही नाही, पण हे धरूनच परीक्षेची तारीख घ्या. गणपती झाल्यावर सुरू करून दिवाळीनंतर परीक्षा, हे माझ्या अनुभवात सर्वात चांगले जमते.

टप्पा १: पहिल्या दिवशी शिकवू नका, लिहून घ्या

एक प्रश्न द्या, ४० मिनिटे लावा आणि बाजूला बसा. शब्दकोश नाही, मोबाइल नाही, 'सर, याला काय म्हणतात' नाही. लिहून झालेल्या कागदावर एकही खूण करू नका. घरी वेगळ्या कागदावर चार कसोट्यांखाली दोन-दोन ओळी लिहा. प्रश्नातले काय सुटले? परिच्छेद कुठे भरकटला? कोणता शब्द पाच वेळा आला? कोणती एकच चूक पुनःपुन्हा झाली?

हा टिपणांचा कागद विद्यार्थ्याला दाखवायचा नाही. आठव्या आठवड्यात तोच प्रश्न पुन्हा द्यायचा आहे, तेव्हा दोन्ही निबंध शेजारी ठेवायचे.

तपासा: लिहिताना तो पहिली पाच मिनिटे काय करत होता, हेही टिपून ठेवा. प्रश्न हातात पडताच लिहायला लागणारा आणि वीस मिनिटे पेन चावत बसणारा, या दोघांची शिकवणी वेगळी होते. पहिल्याला टप्पा २ जास्त दिवस लागतो, दुसऱ्याला टप्पा ३.

टप्पा २: प्रश्न फोडणे (पहिला आठवडा, निबंध एकही नाही)

सर्वात जास्त बँड इथे सांडतात. आपली मुले दहावीपर्यंत विषयावर निबंध लिहून आलेली असतात. 'पर्यटन' दिसले की पर्यटनाविषयी जे जे माहीत ते सगळे लिहायचे, सुरुवातीला सुविचार, शेवटी दोन ओळी कवितेच्या. शालेय निबंधाला ते शोभते. ही परीक्षा मात्र विषय देत नाही, प्रश्न विचारते, आणि विचारले तेवढ्याचेच उत्तर मागते.

हा एक प्रश्न घ्या. सरावासाठी मी तयार केलेला आहे, मराठीत देतो:

'किनाऱ्यावरच्या गावांनी उत्पन्नासाठी पर्यटनाकडे वळावे, असे काही लोकांना वाटते. तर काहींच्या मते तिथले पारंपरिक व्यवसायच जपावेत. दोन्ही मतांची चर्चा करा आणि स्वतःचे मत द्या.'

विद्यार्थ्याला तीन गोष्टींखाली रेघा मारायला सांगा.

१. विषय: गावांच्या उत्पन्नाचा मार्ग.
२. मर्यादा: 'किनाऱ्यावरची गावे'. शहरे नाहीत, डोंगरावरची गावे नाहीत, आणि 'पर्यटनाचे फायदे' हा तर विषयच नाही.
३. काम: तीन कामे आहेत. पहिल्या मताची चर्चा, दुसऱ्या मताची चर्चा, स्वतःचे मत.

तिसरे काम निम्मी मुले विसरतात, किंवा शेवटच्या ओळीत 'दोन्ही महत्त्वाचे आहेत' म्हणून उरकतात. मत सुरुवातीपासून दिसायला हवे. ते शेवटी चिकटवून चालत नाही.

प्रश्नांचे ढोबळ प्रकार पाच. कितपत सहमत आहात. दोन्ही मतांची चर्चा. फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत का. कारणे आणि उपाय. आणि दोन सरळ प्रश्न एकत्र. प्रत्येक प्रकाराचे चार असे वीस प्रश्न जमवा. आठवडाभर रोज तीन-चार प्रश्न फक्त फोडायचे, वहीत तीन रेघा आणि खाली 'कामे किती' एवढेच. पालक विचारतील, 'आठवडा झाला, एकही निबंध नाही?' त्यांना शांतपणे समजावून सांगा.

सावधान: 'फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत का' या प्रश्नाला फायद्यांचा एक परिच्छेद आणि तोट्यांचा एक परिच्छेद देऊन काम होत नाही. तराजूचे कोणते पारडे जड, आणि का, हे सांगावेच लागते.

तपासा: विद्यार्थ्याला प्रश्न झाकून ठेवायला सांगा आणि विचारा, 'काय विचारलंय?' मराठीत एका वाक्यात सांगता आले नाही, तर पुढच्या टप्प्याला जाऊ नका.

टप्पा ३: मत मराठीत ठरवा

बरेच शिक्षक इथे आग्रह धरतात की पहिल्या शब्दापासून इंग्रजीतच विचार करायचा. सुरुवातीच्या चार आठवड्यांपुरते मला हे पटत नाही. इंग्रजीत विचार करायला लावले की मूल जे शब्द येतात तेवढाच विचार करते. मग प्रत्येक निबंधात 'पर्यटनाने रोजगार मिळतो, पण प्रदूषण होते' एवढेच निघते. तेच मूल मराठीत बोलायला लागले की त्याच्याकडे किती आहे ते कळते.

मालवणजवळची एक मुलगी हाच प्रश्न घेऊन बसली होती. नर्सिंग झालेली, इंग्रजी बरे, बँड सहावर अडकलेला. कागदावर तिने लिहिले होते की दोन्ही बाजू महत्त्वाच्या आहेत. मी वही बंद केली.

"तुझ्या घरचं सांग."

"बाबा रापणीला (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढून करायची मासेमारी) जायचे. आता भाऊ पर्यटकांना होडीतून फिरवतो."

"पैसे कशात जास्त?"

"होडीत. पण मे संपला की बंद. पावसात काहीच नाही."

"मग बाबा काय म्हणतात?"

"बाबा म्हणतात, जाळी विकू नका."

"आणि तुला काय वाटतं?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सर, लोक आमच्याकडे येतात ते ताजे मासे खायला आणि रापण ओढताना बघायला. रापणच गेली तर येतील कशाला?"

हे झाले मत. पर्यटन ज्या गोष्टीच्या जिवावर उभे आहे, तीच गोष्ट ते बाजूला सारत असेल तर गावाने दोन्ही गमावले. एवढा नेमका मुद्दा कोणत्याही गाइडमध्ये सापडणार नाही, आणि तो तिच्या घरातच होता. पुढे आम्ही तो इंग्रजीत उतरवला: 'ऑल्दो टुरिझम ब्रिंग्स क्विक मनी, इट डिपेंड्स ऑन द व्हेरी फिशिंग इट इज रिप्लेसिंग.' वाक्यात एकही अवघड शब्द नाही, तरी त्यावर अख्खा निबंध उभा राहिला.

म्हणून या टप्प्यावर रोज दहा मिनिटे मराठीत बोलणे ठेवा. तुम्ही तीनच प्रश्न विचारायचे: तुला काय वाटतं? का? कुठे बघितलंस? तुमचे मत सांगू नका. शिक्षकाने एकदा मत सांगितले की विद्यार्थी आयुष्यभर तेच लिहितो.

पाचव्या आठवड्यापासून हेच बोलणे इंग्रजीत घ्या. परीक्षेत मराठीत विचार करून भाषांतर करायला वेळ नसतो, त्यामुळे ही कुबडी वेळेवर काढायलाच हवी.

टप्पा ४: उदाहरणांची वही

दुसरी एक लहान वही करायला सांगा. त्यात निबंध लिहायचे नाहीत, उदाहरणे टिपायची. आपल्या किनाऱ्यावर परीक्षेच्या जवळजवळ प्रत्येक विषयाला पुरेल एवढे साहित्य आहे, पण मुलांना ते 'उदाहरण' वाटत नाही. न्यूयॉर्क किंवा टोकियोचे नाव घातले म्हणजे निबंध भारी होतो, असे त्यांना वाटते.

माझ्याकडच्या वहीत ही पाने असतात:

पर्यटन. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देऊन चालणारे होमस्टे, हंगामापुरते मिळणारे काम, उन्हाळ्यात विहिरी आटत असताना वाढणारा पाण्याचा वापर.

गावाकडून शहराकडे. यासाठी चाकरमान्यांइतके बोलके उदाहरण जगात कुठे मिळणार? वर्षभर कुलूप असलेली आणि गणपतीत उघडणारी घरे, गावात उरलेले म्हातारे आई-वडील, पडीक राहिलेली भातशेती.

दळणवळण. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागली. त्याआधीचा एसटीचा रात्रभराचा प्रवास आजी-आजोबांना विचारा.

निसर्ग आणि आपत्ती. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, जुलै २०२१ मध्ये चिपळूण पुरात बुडाले. पोफळीची बाग पुन्हा फळावर यायला वर्षे लागतात, हा एक मुद्दाच 'सरकारने भरपाई द्यावी की प्रतिबंधावर खर्च करावा' अशा प्रश्नाला पुरतो.

व्यापार आणि स्थानिक ओळख. हापूसला २०१८ साली मिळालेले भौगोलिक मानांकन, आणि बाजारात कोणत्याही आंब्यावर लागणारे हापूसचे नाव.

प्रत्येक उदाहरणाखाली दोन ओळी लिहायच्या. यावरून सर्वसाधारण काय सिद्ध होते? हे कोणकोणत्या प्रश्नांना लावता येईल? पहिली ओळ लिहिली नाही तर ते उदाहरण राहत नाही, नुसती गावची हकिगत होते. निबंधात आधी मुद्दा, मग उदाहरण आणि लगेच 'म्हणून' यायला हवे.

सावधान: परीक्षकाला मालवण कुठे आहे ते माहीत नसते. पहिल्या उल्लेखातच 'भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचे मासेमारीचे गाव' एवढी ओळख द्यायची. रापण, पालखी, चाकरमानी असे शब्द तसेच ठेवून पुढे जाऊ नये, त्यांचा अर्थ साध्या इंग्रजीत सांगावा.

सावधान: 'एका सर्वेक्षणानुसार ८५ टक्के लोक' ही सवय मोडा. मुले आकडे मनाने तयार करतात आणि ते वाचताक्षणी कळते. स्वतः पाहिलेले साधे उदाहरण अशा आकड्यापेक्षा कितीतरी भक्कम असते.

टप्पा ५: आराखडा, पाच मिनिटांत आणि पाच ओळींत

तिसऱ्या आठवड्यात इथे या. आराखडा म्हणजे कच्चा निबंध नव्हे. पाच ओळी, त्याही तुटक शब्दांत. वरच्या प्रश्नाचा त्या मुलीने केलेला आराखडा असा होता:

मत: पर्यटन हवे, पण मासेमारी टिकवून.
पहिला परिच्छेद: पर्यटनाकडे का वळावे? तरुणांना गावातच पैसा. भाऊ, होडी.
दुसरा परिच्छेद: पारंपरिक व्यवसाय का जपावा? पर्यटन हंगामी, मासेमारी पर्यटनाचा पाया. रापण.
मत कुठे दिसणार: सुरुवातीला आणि दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी.
शेवट: आधी जाळी, मग होडी.

एका परिच्छेदात एकच मुद्दा, पण पूर्ण उलगडलेला. मुलांना वाटते जितके मुद्दे जास्त तितके गुण जास्त. प्रत्यक्षात चार मुद्दे नुसते मोजून दाखवण्यापेक्षा दोन मुद्दे कारणासह आणि उदाहरणासह मांडलेले बरे, कारण कसोटी मुद्द्यांच्या विकासाची आहे.

रोज दोन आराखडे, प्रत्येकी पाच मिनिटे, घड्याळ लावून. निबंध अजूनही नाही.

तपासा: आराखड्यातली प्रत्येक ओळ फोडलेल्या प्रश्नातल्या कोणत्या कामाचे उत्तर आहे, ते बोट ठेवून दाखवायला सांगा. ज्या ओळीवर बोट ठेवता येत नाही, ती खोडा.

टप्पा ६: एक परिच्छेद, मग दुसरा, प्रस्तावना नंतर

चौथ्या आठवड्यात लिहायला सुरुवात, पण मधल्या परिच्छेदापासून. मुले प्रस्तावनेवर दहा-दहा मिनिटे घालवतात आणि 'इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड'ने सुरू करतात. मधला परिच्छेद आधी लिहायला शिकवले की प्रस्तावनेची भीती आपोआप जाते, कारण काय म्हणायचे आहे ते तोवर कळलेले असते.

परिच्छेदाचा क्रम असा ठेवा: मुद्दा एका वाक्यात, त्याचे कारण किंवा स्पष्टीकरण दोन वाक्यांत, उदाहरण एक-दोन वाक्यांत, आणि उदाहरणावरून पुन्हा प्रश्नाकडे नेणारे एक वाक्य. साधारण ९० ते १०० शब्द होतात. शेवटचे वाक्य बहुतेकांचे सुटते. भाऊ होडी चालवतो, पैसे मिळतात, एवढ्यावर परिच्छेद थांबतो. त्यावरून किनाऱ्यावरच्या गावाबद्दल काय म्हणायचे आहे, ते लिहायचे राहते.

जोडशब्दांबाबत काळजी घ्या. क्लासमध्ये वाटलेली वीस-तीस जोडशब्दांची यादी पाठ करून मुले प्रत्येक वाक्य 'मोअरओव्हर', 'फर्दरमोअर', 'हेन्स'ने सुरू करतात. बँड सहाच्या वर्णनातच यांत्रिक वाटणाऱ्या जोडणीचा उल्लेख आहे. यादी बाजूला ठेवा. आधीच्या वाक्यातली गोष्ट पुढच्या वाक्यात 'धिस' किंवा 'सच वर्क' अशी धरून पुढे नेणे शिकवा. मराठीत आपण 'हे काम', 'अशा घरांत' म्हणत पुढे जातो, तसेच.

प्रस्तावना दोन-तीन वाक्यांची: प्रश्न स्वतःच्या शब्दांत, मग स्वतःचे मत. प्रश्नातली वाक्ये जशीच्या तशी उतरवली तर ती परीक्षक शब्दसंख्येत धरत नाहीत. समारोप दोन वाक्ये, नवा मुद्दा नाही. याहून जास्त वेळ या दोहोंना देऊ नका.

सावधान: पाठ केलेला साचा वापरायला देऊ नका. 'धिस एसे विल डिस्कस बोथ साइड्स अँड देन गिव्ह माय ओपिनियन' अशी वाक्ये हजारो कागदांवर असतात. तपासणारे ती ओळखतात, आणि त्यातून मुलाची स्वतःची भाषा काहीच दिसत नाही.

टप्पा ७: आता लाल पेन, एका वेळी एकाच थरावर

पाचव्या आठवड्यापासून पूर्ण निबंध, आठवड्याला तीन. जास्त नाही. चौथा निबंध लिहिण्याऐवजी तिसरा पुन्हा लिहायचा.

पहिल्या वाचनात फक्त प्रश्न आणि मत बघा. कामे सगळी झाली का? नसतील तर तिथेच थांबा, व्याकरणाला हात न लावता कागद परत द्या. दुसऱ्या वाचनात मांडणी. भाषा तिसऱ्या वाचनात. आणि भाषेतही एका निबंधात दोनच प्रकारच्या चुका पकडा. चाळीस लाल खुणा असलेल्या कागदातून मूल काही शिकत नाही, खचते मात्र नक्की.

चूक दुरुस्त करून देऊ नका. ओळीच्या समासात फक्त टिंब द्या, चूक त्याने शोधायची. दहा मिनिटांत सापडली नाही तर शब्दाखाली रेघ. तरीही नाही, तर मग सांगा.

आपल्या मुलांच्या बऱ्याच चुका मराठीच्या वळणातून येतात. हे वळण समजावून दिले की चूक लवकर सुटते.

'जरी… तरी' आपल्याकडे जोडीने येतात, म्हणून 'ऑल्दो'च्या पाठोपाठ 'बट' येतो. इंग्रजीत दोन्हींपैकी एकच.

मराठीत पूर्णविराम देऊन 'कारण…'ने नवे वाक्य सुरू करणे सहज चालते. इंग्रजीत 'बिकॉज'ने सुरू होणारा तुकडा एकटा उभा राहत नाही, त्याला मुख्य वाक्य लागते.

'कारणांपैकी एक' म्हणताना 'वन ऑफ द रीझन' होते. मराठीत अनेकवचन 'कारणांपैकी' या एकाच शब्दात मुरलेले असते, इंग्रजीत 'रीझन्स' असे उघड लिहावे लागते. क्रियापद मात्र 'वन'प्रमाणे एकवचनीच.

'विषयावर चर्चा करणे', 'मुद्द्यावर भर देणे' यातला 'वर' इंग्रजीत घुसतो आणि 'डिस्कस अबाउट', 'एम्फसाइज ऑन' तयार होते. या क्रियापदांपुढे काहीच लागत नाही.

'कोकणातच' यातला 'च' म्हणून वाक्याच्या शेवटी 'ओन्ली' येतो. तो काढा.

'इन्फॉर्मेशन', 'इक्विपमेंट', 'ॲडव्हाइस' यांना एस लावायचा नाही.

आणि 'द'. मराठीत याला जोडच नाही, म्हणून हा सर्वात शेवटी सुटतो. मुले आधी तो विसरतात, आणि तुम्ही दोन वेळा टोकले की सगळीकडे पेरतात: 'द नेचर', 'द सोसायटी'. नियमांची यादी देऊ नका. वाचणाऱ्याला 'कोणता?' हे आधीच माहीत असेल तर 'द', एवढा एकच प्रश्न महिनाभर विचारायला लावा. सगळे सुटत नाही, पण बरेच सुटते.

शब्दसंपत्तीबद्दल एकच सांगतो. जड शब्दांची यादी देऊ नका. 'प्लेथोरा' चुकीच्या जागी घालण्यापेक्षा 'फिशिंग सीझन', 'सीझनल इन्कम', 'लोकल लिव्हलिहुड' अशा जोड्या, जशा इंग्रजीत एकत्र चालतात तशा, उदाहरणांच्या वहीतच त्या त्या विषयाखाली लिहून घ्या.

तपासा: सुधारून पुन्हा लिहिलेला निबंध मूळ कागदाशेजारी ठेवा. फक्त टिंब दिलेल्या ओळी बदलल्या असतील तर विद्यार्थी तुमची चूक-यादी पुरी करतो आहे, निबंध वाचत नाही. त्याला मोठ्याने वाचायला सांगा.

टप्पा ८: घड्याळ आणि कीबोर्ड

सातव्या आठवड्याच्या आधी वेळ लावू नका. घाईत लिहिलेला निबंध जुन्या सवयी परत आणतो. वेळ लावाल तेव्हा ४० मिनिटांची वाटणी अशी: प्रश्न फोडायला ३, आराखड्याला ५, लिहायला २६, तपासायला ६. शेवटची सहा मिनिटे कोणत्याही परिस्थितीत सोडायची नाहीत. त्या वेळात सगळे वाचायचे नाही, आपल्या दोन ठरलेल्या चुका तेवढ्या शोधायच्या.

परीक्षा कॉम्प्युटरवर द्यायची असेल तर सराव कीबोर्डवरच. आपल्याकडची बरीच मुले मोबाइलवर झरझर टाइप करतात, पण कीबोर्डवर दोन बोटांनी. शुद्धलेखन सुधारून देणारी सोय परीक्षेच्या स्क्रीनवर नसते, म्हणून घरीही ती बंद ठेवा. शब्दसंख्या स्क्रीनवर दिसते, ती २७० ते २९० च्या आसपास आली की थांबायला शिकवा. पावसात वीज गेली तर त्या दिवशी कागदावर आराखडे करा, दिवस फुकट घालवू नका.

स्पेलिंग ब्रिटिश चालते, अमेरिकन चालते. मात्र एका निबंधात एकच.

शेवटचा आठवडा

नवा विषय नाही, नवा शब्द नाही. पहिल्या दिवशीचा प्रश्न पुन्हा द्या आणि दोन्ही निबंध शेजारी ठेवून विद्यार्थ्यालाच फरक सांगू द्या. मग उदाहरणांची वही एकदा वाचायची आणि रोज एक प्रश्न फोडायचा.

प्रवासाचे आधी ठरवा. माझ्याकडची बहुतेक मुले परीक्षेला मुंबई किंवा पुणे गाठतात. त्याच पहाटे पोहोचणाऱ्या गाडीवर विसंबू नका. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर असते तेव्हा गाड्या कमी वेगाने धावतात, आणि घाटातल्या रस्त्याचा भरवसा कुणीच देत नाही. आदल्या दुपारपर्यंत नातेवाइकांकडे पोहोचायचे. मूळ पासपोर्ट पिशवीत आहे का, हे निघायच्या आधी तुम्ही स्वतः फोन करून विचारा. झेरॉक्स चालत नाही. माझा एक विद्यार्थी पनवेलहून परत फिरला होता.